पद्मिनीबाईंचं एकभुक्त

"ऑपरेशन आज नाही होणार," एवढं सांगून नर्स दाराआड गेली, आणि समोरच्या बाकावर बसलेले घरचे चौघे मिटलेल्या दाराकडे वळले.

अनुश्रीच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पहाटे घरी महालक्ष्मीचा कलश हलवून त्यावरचं शेवंतीचं फूल तिनं पुडीत बांधून आणलं होतं. सासूबाईंना, पद्मिनीबाईंना, आत नेण्याआधी उशीशी ठेवायचं म्हणून. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार कालच झाला. आई दवाखान्यात, म्हणून रायपुरातल्या बुढापारा मोहल्ल्यातल्या घरी पूजा तिनंच मांडली, कहाणी तिनंच वाचली, आणि देवीला एकच मागितलं, की उद्या त्या दारातून आत जाणारी आमची आई, आमची आई म्हणूनच बाहेर येऊ दे.

"काहून नाही होणार?" पराग उठून उभा राहिला. तो अनुश्रीचा नवरा. शहराबाहेर उरल्याच्या सळयांच्या रोलिंग मिलमधून सुट्टी टाकून आलेला. "कालपर्यंत तर सगळे रिपोर्ट ठीक आहेत म्हणत होते."

"मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिली, नागपूरले न्या म्हणून," त्याची थोरली बहीण शर्मिष्ठा म्हणाली. आईच्या आतड्यात गाठ निघाली त्या दिवसापासून ती हेच म्हणत होती. ती नागपुरात कॉलेजात शिकवायची, सगळे मोठे डॉक्टर तिच्या ओळखीचे. परागचं म्हणणं, इथं काय कमी आहे. बहीणभावांचा हा वाद फोनवर सुरू झाला होता तो आता दवाखान्याच्या बाकापर्यंत आला होता.

अनुश्रीचे सासरे पांडुरंगराव मात्र बसूनच होते. उभी हयात रेल्वेत गार्ड म्हणून काढलेली. खरं तर या वयात चाकू लावूच नये, असं त्यांचं मत. ते कोणी ऐकलं नव्हतं. "सिग्नल लाल पडला म्हणजे पुढे काहीतरी असते," ते शांतपणे म्हणाले. "ओरडून तो हिरवा होत नाही. बसा."

थोड्या वेळानं हिरव्या टोपीतली एक बाई बाहेर आली. भूल देणाऱ्या डॉक्टर, गंधाली. इथंच रायपुरात वाढलेल्या, त्यामुळे मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायच्या आणि पुन्हा परत यायच्या. त्यांनी सगळ्यांना शेजारच्या लहान खोलीत नेलं आणि बसायच्या आधीच विचारलं, आजींनी शेवटचं खाल्लं ते कधी?

"काल संध्याकाळी," अनुश्री म्हणाली. "ताई होत्या जवळ."

शर्मिष्ठानं तिच्याकडे वळून पाहिलं. "मी? अगं, मी औषधं आणायले खाली गेली होती. वर आली तर थाळी रिकामी. मले वाटलं, जेवली."

थाळीतली खिचडी शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेनं खाल्ली होती. पद्मिनीबाईंनीच तिला बोलावून दिली होती. हे डॉक्टरांना आत्ता आत, नाडी धाग्यासारखी बारीक लागली आणि जीभ कोरडी दिसली तेव्हा, विचारून विचारून कळलं होतं.

बाकीच्यांना उलगडायच्या आधी अनुश्रीला उलगडलं होतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारचा उपास पूजा झाल्यावर, देवीच्या नैवेद्यानंच सुटतो. पूजा घरी झाली. नैवेद्याचा डबा घेऊन ती निघणारच होती, तर पराग म्हणाला, भेटायची वेळ संपली, आत सोडणार नाहीत. डबा राहिला. नैवेद्य तोंडात पडला नाही म्हणजे उपास सुटला नाही, इतका सरळ हिशेब आईंचा. आणि त्याआधीचं जेवण बुधवारी दुपारचं. कारण आई कितीतरी वर्षांपासून एकभुक्त, दिवसातून एकदाच, दुपारी जेवायच्या. त्यात नर्सनं सांगितलं, रात्री बारानंतर पाणीसुद्धा नको. आईंनी ते दिवेलागणीपासूनच पाळलं. सांगितल्यापेक्षा जास्त पाळायची त्यांची सवयच होती.

"सलाईन लावलं आहे, संध्याकाळपर्यंत तरतरी येईल," डॉक्टर म्हणाल्या. "पण मी ऑपरेशन थांबवलं ते फक्त त्यासाठी नाही. या माझ्याबरोबर. मी सांगण्यापेक्षा तुम्ही बघा."

वॉर्डात पद्मिनीबाई खुर्चीत बसल्या होत्या, हाताला सलाईन, डोक्यावर पदर. सगळे एकदम आलेले पाहून त्या ओशाळल्या. आपल्यापायी लोकांची खोटी झाली, हेच पहिलं त्यांच्या तोंडून निघालं. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर उकिडवं बसून म्हटलं, "आजी, हात छातीशी घ्या. आता हात न टेकवता उठा."

आई पुढे झुकल्या. पाय जमिनीवर रोवले. ओठ घट्ट मिटले. पुन्हा झुकल्या. आणि मग त्यांच्याही नकळत त्यांचा हात खुर्चीच्या दांडीकडे गेला.

"असू द्या," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

अनुश्रीला त्या क्षणी आईंचा खांदा दिसला. ब्लाउज पुन्हा ढिला झाला होता. दर दिवाळीला ती तो घेऊन बसायची आणि शिवण थोडी आत घ्यायची. शेजारणी म्हणायच्या, तुमच्या सासूबाई कशा काटक, या वयात अंगावर चरबीचा कण नाही. आणि सुई ओवता ओवता तिला अभिमान वाटायचा. सगळ्या बुढापाऱ्याला वाटायचा. पद्मिनीबाईंचे उपास म्हणजे घराची प्रतिष्ठा होती. त्या बारीक होत होत्या ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि ज्याला त्याला ते तेज दिसत होतं.

डॉक्टरांनी दोष कोणाला दिला नाही. त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि आईंकडे तोंड करून, घरच्यांकडे पाठ करून बोलल्या, हे अनुश्रीला फार आवडलं. त्या म्हणाल्या, हृदय चांगलं आहे, फुफ्फुसं चांगली आहेत, कागदावर सगळं ठीक. पण शरीराला एक गंगाजळी लागते. तरुणपणी ती भरलेली असते, म्हणून तरुण माणूस मोठ्या घावातूनही उठतो. आजींच्या अंगातली ती आटली आहे. रोजचं चालतं, कारण रोजचं थोड्यात भागतं. पण भूल म्हणजे रोजचं नव्हे. रक्तदाब खाली गेला तर सावरायला बळ हवं. नंतर खोकून छाती मोकळी करायला बळ हवं, नाहीतर कफ साठतो. खाटेवरून लवकर उतरायला बळ हवं. आणि अशा थकलेल्या अंगाला भूल दिली की कधीकधी मन भरकटतं. माणूस जागा होतो, पण आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, ते कळत नाही. बहुतेकांचं दोन-चार दिवसांत ताळ्यावर येतं.

"अन् ज्याचं नाही येत?" आईंनी विचारलं.

"काहींचं पूर्वीसारखं होत नाही, आजी. खोटं नाही सांगणार."

पद्मिनीबाईंनी मान हलवली. त्यांना हे अगोदर माहीत असल्यासारखी. "माझी थोरली बहीण होती, शारदा. हिंगणघाटले. खुब्याचं ऑपरेशन झालं तिचं. मी भेटायले गेली तर मलेच म्हणे, बाई, तुम्ही कोणाच्या? तशीच राहिली, अन् तशीच गेली." पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं. "डॉक्टरीणबाई, मले मरायचं भ्या नाही. मी उठलीच नाही तर देवाची इच्छा. पण उठली, अन् हे सारे समोर उभे, अन् मी म्हटलं, तुम्ही कोणाचे? तेवढं नका होऊ देऊ."

गाठ निघाली त्या दिवसापासून घरात नागपूर की रायपूर, आज की उद्या, एवढंच बोलणं झालं होतं. आईंना स्वतःला कशाची भीती वाटते, हे विचारायचं राहून गेलं होतं, आणि ते आज एका परक्या बाईनं विचारलंही नव्हतं, ती नुसती त्यांच्याकडे तोंड करून बसली होती.

"म्हणूनच थांबू," डॉक्टर म्हणाल्या. "तीन-चार आठवडे. मोठ्या डॉक्टरांशी मी बोलले आहे."

पराग लगेच म्हणाला, "अन् तोवर गाठ वाढली तर?"

"वाढेल थोडी. थांबण्यात धोका आहे, भैया, मी नाही म्हणत नाही. पण तो छोटा आहे. आज असंच आत नेण्यात आहे तो मोठा. मध्येच पोट फुगलं, उलट्या झाल्या, तर मात्र तशाच घेऊन या, मग वेळकाळ नाही." मग त्या पुन्हा आईंकडे वळल्या. "या दिवसांत आजी, तुम्हाला कामं आहेत. चालायचं. हात न टेकवता उठायला शिकायचं. एक खेळणं देते, त्यात श्वास ओढून प्लास्टिकच्या गोळ्या वर चढवायच्या. आणि दिवसातून चार वेळा खायचं. दूध, पनीर, डाळ, उसळ. हे सगळ्यांत पहिलं."

बाकीच्या सगळ्याला आई माना डोलवत होत्या. शेवटच्याला त्यांची मान थांबली.

"चार वेळा नाही जमणार."

"आई, हट्ट नको करू," शर्मिष्ठा म्हणाली. "उपासतापास पुरे झाले आता. देव काय हिशेब लिहून ठेवते का, पद्मिनीबाई आज दोनदा जेवली म्हणून?"

"तो नाही ठेवत. मी ठेवते."

"कशाचा? कोणी सांगितलं तुले एकभुक्त राहायले?"

अनुश्रीला वाटलं होतं, हे नेहमीचंच, मायलेकींचं. पण पांडुरंगराव खाकरले. बायकोकडे पाहून ते म्हणाले, "सांगू का? का अजूनही नाही सांगायचं?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी सांगितलं.

उरल्याला भट्टीजवळ अपघात झाला होता ते वर्ष. रोलमधून उसळलेली लालबुंद सळई परागच्या अंगावर आली, आणि पाठ, दंड सगळं भाजून तो किती दिवस मरणाच्या दारात होता, हे घरात सगळ्यांना ठाऊकच होतं. त्यातल्या एका दुपारी पद्मिनीबाई तलावाकाठच्या देवळात गेल्या आणि तळहातावर पाणी घेऊन संकल्प केला, की माझा पोरगा उठून घरी आला तर जन्मभर एकदाच जेवीन. पराग घरी आला. तेव्हापासून हे चाललं होतं, आणि घरच्यांना वाटत होतं, म्हातारपणी धर्म वाढला.

पराग भिंतीला टेकला. आडदांड माणूस, मिलमध्ये शंभर जणांना हाका मारून कामाला लावणारा. "मी रोज दोन डबे नेत होतो उरल्याले," तो म्हणाला. "एक तूच भरून देत होतीस."

"मग? तुले जेवताना पाहायसाठीच तर केलं." आईंचा आवाज मऊच होता, पण त्यातली गाठ कोणाला सोडवता येण्याजोगी नव्हती. "देवानं त्याचं पुरं केलं. आता मी माझं मोडलं, अन् याले काही झालं, तर कोणत्या तोंडानं जाऊ त्याच्यापुढे? भट्टीवरच आहे नं हा अजून."

शर्मिष्ठा काहीतरी बोलणार होती. अनुश्रीनं तिचा हात दाबला. आईंना आता तर्कानं जिंकता येणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर अनुश्री आईंच्याच बाजूची होती. दिलेला शब्द हा दिलेला शब्द. जी बाई देवाशी असं वागते, तिच्या पदराखाली आपण इतकी वर्षं राहिलो, हे तिला त्या घडीला एखाद्या प्रसादासारखं वाटत होतं. पण त्याच घडीला तिच्यासमोर तो ब्लाउजचा ढिला खांदाही होता. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एका वेळी कसं धरून ठेवायचं, ते तिला कळत नव्हतं.

मग तिला तिच्या माहेरची आजी आठवली. आजी आजारी पडली तेव्हा तिची एकादशी तिच्या जावेनं पाळली होती. ती हळूच म्हणाली, "आई, व्रताले प्रतिनिधी चालतो. आतुर, म्हणजे आजारी माणसाचं व्रत घरच्या कोणी पाळलं तर ते मोडत नाही. तुम्हीच सांगितलं होतं मले, शेजारच्या काकूंच्या वेळी."

आईंनी सुनेकडे पाहिलं. हे त्यांनीच सांगितलेलं होतं आणि ते त्यांना नाकारता येईना. "चालतो," त्या म्हणाल्या. "नवरा, पोरगा, घरचं माणूस. पण मनापासून पाहिजे. मारून मुटकून नाही."

"मग मी पाळतो," पांडुरंगराव ताठ बसले. "झालं. आजपासून एकदाच."

"काका, तुम्ही इन्शुलिन घेता," डॉक्टर गंधाली दारात निघता निघता थांबल्या होत्या. "तुम्ही एकदाच जेवलात तर आजींच्या आधी तुम्हालाच भरती करावं लागेल."

त्या दिवसात पहिल्यांदा कोणीतरी हसलं, आणि त्या स्वतः पद्मिनीबाई होत्या. "दुपारच्या चहासोबत चिवडा नसला तर घर डोक्यावर घेतात, अन् निघाले एकभुक्त करायले."

"मग मी," पराग पुढे आला. "माझ्यासाठीच आहे नं? मीच फेडतो."

आईंनी मान हलवली. "तुले पोटभर मिळावं म्हणून देवाशी बोलली मी. अन् तूच उपाशी राहशील तर मी मागितलं काय? तू नाही."

अनुश्रीनं पदर सावरला. आता राहिली तीच. ती सून; पूजा तिच्या हातची, नैवेद्य तिच्या हातचा; आणि ज्याच्यासाठी व्रत, तो तिचाच नवरा. हे आपल्याकडेच यायचं होतं, असं तिला आतून वाटलं, आणि तिनं तोंड उघडलं.

"मी धरते."

पण ते शब्द तिचे नव्हते. शर्मिष्ठा बोलली होती. उपासाच्या दिवशी मुद्दाम ऑम्लेट खाऊन आईला चिडवणारी शर्मिष्ठा. देवघरासमोरून जाताना फक्त चपला काढायची, त्याही अनुश्री पाहत असेल तर.

"तू?" आईंनी विचारलं. "तुझा तर विश्वास नाही."

"देवावर नसेल. पण तुले त्याच्यापुढे खाली पाहावं लागू नये, एवढं वाटते मले. अन् हा," तिनं भावाकडे बोट केलं, "हा काय तुझा एकटीचाच आहे का? भाजला तेव्हा मी नागपूरहून टॅक्सीनं आली, रस्ताभर रडत. कोणी विचारलं का मले, तू काय बोलली होतीस देवाशी म्हणून? काहीच नाही बोलली. बोलताच येत नाही मले त्याच्याशी. तू बोललीस. मग आता पाळायचं तरी मले देऊन टाक."

पराग बहिणीकडे पाहत राहिला. गेले कित्येक दिवस तो तिच्याशी फक्त दवाखान्यांच्या नावांनी बोलत होता. "ताई, तुले तर उपाशीपोटी डोकं दुखते," तो एवढंच म्हणाला.

"दुखू दे. तुझ्याशी भांडून दुखते त्यापेक्षा बरं."

अनुश्रीनं उघडलेलं तोंड मिटलं. एखाद्या वाईट माणसाच्या मनात आला असता तसा हेवा तिच्याही मनात एक क्षण येऊन गेला. पण पुढच्याच क्षणी तिला वाटलं, नाही, हे बहिणीचंच होतं. देवी जिला द्यायचं तिलाच देते. तिनं बाजूच्या टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला, त्यात पाणी होतं, आणि तो आईंच्या हाती दिला.

सलाईनची सुई होती तो हात जपून, आईंनी दुसऱ्या हातानं लेकीच्या तळहातावर पाणी ओतलं. मंत्र त्यांनी मनातल्या मनात म्हटला; ओठ फक्त हलले. शर्मिष्ठाला पुढचं माहीत नव्हतं, ती आईच्या तोंडाकडे पाहत राहिली. "भावाचं नाव घे अन् सोड," आईंनी सांगितलं. खाली ताट नव्हतं, म्हणून अनुश्रीनं आपला पदर पसरला. पाणी त्यात पडलं.

त्या संध्याकाळी दवाखान्यातली मुगाची खिचडी पद्मिनीबाईंनी लेकीसमोर बसून खाल्ली, थांबत थांबत, संध्याकाळच्या घासाची सवयच नसलेल्या माणसासारखी. शर्मिष्ठा समोर बसून चहा पीत होती. एकभुक्तात चहा चालतो का, हे तिनं आधीच तीनदा विचारून घेतलं होतं.

पुढचे आठवडे आईंनी जे केलं, ते पाहून डॉक्टर गंधाली नंतर म्हणाल्या की असं पथ्य मी कोणाला पाळताना पाहिलं नाही. अनुश्रीला त्यात नवल वाटलं नाही. ज्या नेमानं आईंनी उपास पाळले, त्याच नेमानं आता खाणं पाळलं. सकाळी देवपूजा झाली की दुधात भिजवलेले बदाम, मग मुगाचा चिला, दुपारी पाटवडी नाहीतर मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा घातलेली डाळ, संध्याकाळी पनीर. भूक असो नसो. तोंडाला चव नसली की डोळे मिटून, तीर्थ घ्यावं तसं गिळायच्या. सकाळी तलावाकाठी पांडुरंगरावांबरोबर फेरी. त्यांनी जुनी शिट्टी काढून ठेवली होती, आई थांबल्या की वाजवायचे, आणि आई म्हणायच्या, लोक पाहून राहिले, ठेवा ती. गोळ्यांच्या खेळण्यात पहिल्यांदा एकही गोळी हलली नाही. मग एक हलली. स्तोत्र म्हणताना श्वास जिथे तुटायचा तो आता पुढच्या ओळीपर्यंत पोहोचू लागला, हे अनुश्रीनं स्वयंपाकघरातून ऐकलं, आणि हातातलं काम थांबवून ती ऐकत उभी राहिली.

शर्मिष्ठानं कॉलेजला रजा टाकली. चिडचिडी झाली, संध्याकाळी खरंच तिचं डोकं दुखायचं, कपाळाला बाम लावून ती पडायची. पण नेम मोडला नाही. पराग मिलमधून आला की पहिलं तिच्या खोलीत डोकावायचा. नागपूर की रायपूर, हे पुन्हा कोणी काढलं नाही.

दोन गोष्टी मध्ये आल्या. एकदा पोट दुखलं, सगळे घाबरून दवाखान्यात धावले; गाठीचं नव्हतं, पनीर जास्त झालं होतं. आणि तारीख ठरली ती पौषात. पौषात असं काही करत नाहीत, असं पांडुरंगरावांनी काढलं, तेव्हा आईच म्हणाल्या, आजाऱ्याले कसला पौष, देव काय महिना पाहून धावते? आणि आदल्या सकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं, खुर्चीत बसल्या, हात छातीशी घेतले, आणि उठल्या. हळू, पण सरळ उठल्या. पांडुरंगरावांनी शिट्टी वाजवली. या वेळी त्यांना कोणी अडवलं नाही.

ऑपरेशन लांबलं. गाठ पूर्ण निघाली, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टर गंधालींनी बाहेर येऊन सांगितलं ते निराळं होतं: भूल लागेल तेवढीच दिली, रक्तदाब सांभाळला गेला, श्वास आजींचा आजींनी घेतला. आता चष्मा लगेच द्या, पडदे उघडे ठेवा, जवळ घरचं माणूस बसवा, आणि त्या काही वेडंवाकडं बोलल्या तर भांडू नका, ओरडू नका, सांगत राहा.

आणि त्या बोलल्या. पहिल्या संध्याकाळी त्यांनी अनुश्रीचा हात धरला आणि म्हटलं, "शारदे, विहिरीकडे नको जाऊ गं, अंधार आहे." पराग ते ऐकून खोलीबाहेर गेला आणि जिन्यात बसून राहिला. अनुश्री म्हणाली, "नाही जात. मी अनुश्री आहे, आई. आपण रायपुरात आहोत." आईंनी ऐकलं, पण डोळे कुठेतरी दूर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पांडुरंगरावांना गाडी किती लेट आहे ते विचारलं. पांडुरंगरावांनी खिशातला रुमाल काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "येते, पद्मा. सिग्नल मिळाला आहे, येऊनच राहिली."

अनुश्रीनं देवीला काही मागितलं नाही. मागायचं ते मागून झालं होतं. ती आईंच्या पायांना तेल चोळत राहिली, वार सांगत राहिली, खिडकीतून काय दिसतं ते सांगत राहिली.

त्या दुपारी डॉक्टर गंधाली आल्या. नर्सनं आईंना उशांना टेकवून बसवलं होतं. शर्मिष्ठा पायथ्याशी, पराग दाराजवळ.

"आजी, आज वार कोणता?"

आई विचारात पडल्या. "माहीत नाही बाई."

"आपण कुठे आहोत आत्ता?"

आईंची नजर डॉक्टरांवरून गेली, परागवरून गेली, थांबली नाही. परागनं दाराची कडी घट्ट धरली. नजर खिडकीकडे गेली. पौषातलं ऊन खिडकीतून उतरून खाटेच्या पायापर्यंत आलं होतं. आई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी मान वळवली.

"शर्मे," त्या म्हणाल्या. आवाज खरखरीत होता, घशात नळी घातल्यानं बसलेला. "दोन वाजून गेले असतील. तू अजून जेवली नाहीस."

शर्मिष्ठा उठून उभी राहिली.

"तुझं एकच वेळचं आहे नं. ते पण टाळशील तर आजारी पडशील." मग दाराकडे: "परागा, उभा काय राहिलास? ताईचा डबा काढ. तुझ्यासाठी उपाशी आहे ती."

डॉक्टर गंधालींनी पेन खिशाला लावलं. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. परागनं डबा उघडून ताईच्या पुढ्यात ठेवला. अनुश्रीनं पाण्याचा पेला भरून जवळ ठेवला. शर्मिष्ठानं पोळीचा पहिला घास तोडला, आणि तो तिच्या तोंडात जाईपर्यंत आईंनी डोळे मिटले नाहीत.